मोठ्या अक्षरांतलं पुस्तक

मराठी पुस्तकाच्या प्रकाशन समारंभात एक गोष्ट कधीच होत नाही, ती म्हणजे पुस्तक उघडणं. रिबीन सोडतात, चकचकीत कागद फाडतात, पाहुणे पुस्तक छातीशी धरून उभे राहतात, फोटोवाला म्हणतो, सर, जरा वर धरा. मग ते पुस्तक टेबलावर ठेवून त्याच्याबद्दल पाऊण तास बोलतात. उघडत मात्र कोणी नाही. तीस वर्षं या धंद्यात आहे, म्हणून छातीठोकपणे सांगते. आणि हे इतकं पक्कं माहीत असल्यामुळेच गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून ते घडलं, ज्याची आठवण आली की अजूनही कानाच्या पाळ्या गरम होतात.

आमचं प्रकाशन म्हणजे फार काही मोठं प्रकरण नाही. घराची समोरची खोली, एक कॉम्प्युटर, मी आणि माझा नवरा. पूर्वी नागपुरातच, महाल भागात सासऱ्यांचा छापखाना होता. तिथे हजार प्रतींच्या खाली मशीन सुरूच करायची नाही असा दंडक होता, आणि त्या हजारांतल्या सातशे आमच्या पलंगाखाली येऊन पडायच्या. आता पन्नास छापा, शंभर छापा, संपल्या की पुन्हा मागवा. मजकूर इथून मेलवर जातो, छपाई दूर दुसऱ्या शहरात होते, गठ्ठे ट्रान्सपोर्टच्या गाडीने शहराबाहेर वाडीच्या गोदामात उतरतात. वाचक मोबाईलवर पुस्तक मागवतो आणि मी ते पोस्टात टाकून येते. पूर्वी कसं सगळं छान होतं म्हणून उसासे टाकणाऱ्यांतली मी नाही. पलंगाखाली आता झाडू फिरतो, मला तेवढं पुष्कळ आहे.

बाई आमच्याकडे आल्या त्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. भिवापूरहून एसटीने, सुनेला सोबत घेऊन, भर दुपारी. वय ऐंशीच्या पुढे, पांढरं पातळ, डोक्यावर पदर, पाठ मात्र ताठ. त्या भागातल्या खेड्यांमधून त्यांनी सारा जन्म प्राथमिक शाळेत शिकवलं होतं, म्हणून सगळा तालुका त्यांना नुसतं बाई म्हणतो, आम्हीही तेच म्हणू लागलो. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून पाच वह्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. त्यांच्या नोकरीतल्या आठवणी होत्या.

आठवणींच्या वह्या घेऊन येणारे निवृत्त लोक मला नवे नाहीत, आठवड्याला एक तरी येतो. पण या वह्या चाळताना मी थबकले. पहिल्या वहीतलं अक्षर रेघेत बसलेलं, टपोरं, गिरवून घ्यावं असं. तिसऱ्या वहीत ते एका ओळीसाठी दोन रेघा खात होतं. पाचव्या वहीत पानभर जेमतेम सात-आठ शब्द, तेही तिरपे. मी विचारलं, हे असं कसं हो? तेव्हा सुनेने सांगितलं की आईंची नजर जाते आहे. उजवा डोळा केव्हाच गेला, आता डाव्याच्या मधोमध डाग वाढतोय. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर कदाचित राहील, त्यापुढचं सांगता येत नाही. सरळ रेघ वाकडी दिसेल, अक्षरं गळतील, भलतंच काही दिसेल, घाबरू नका.

बाईंनी हाताने तिला थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"पोरी, मले पुरस्कार नको, का सत्कार नको. हे छापलेलं मले माह्या डोळ्यानं वाचायचं आहे. तेवढं जमव."

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं आता कोण उरलंय हो? मी तिथेच विरघळले. वह्या ठेवून घेतल्या आणि दोन दिवसांत वाचून काढल्या. एकशिक्षकी शाळा, पावसात ओढा ओलांडून जाणं, जातीवरून पाणी न देणारी घरं आणि त्याच घरांतली त्यांच्याकडे अभ्यासाला येणारी पोरं, सगळं साध्या शब्दांत, कुठेही रडगाणं नाही. एक प्रकरण मिरचीच्या हंगामाचं होतं. सातऱ्यावर, म्हणजे जिथे मिरची पसरून देठ खुडतात तिथे, आयांबरोबर पोरंही कामाला जायची. परत आली की बोटांची अशी आग व्हायची की पाटीवरची पेन्सिल धरवत नसे. मग बाई त्यांच्या हातांना खोबरेल लावायच्या आणि आज फक्त तोंडी गणितं म्हणून जाहीर करायच्या. मी वाचता वाचता नवऱ्याला हाक मारली आणि म्हटलं, हे पुस्तक आपण काढतोय. विचारलं नाही, सांगितलं.

आता प्रश्न बाईंच्या डोळ्याचा होता. मी घरच्या प्रिंटरवर एकच पान पाच वेगवेगळ्या आकारांच्या अक्षरांत छापलं आणि भिवापूरला घेऊन गेले. बाई भिंग घेऊन अंगणात बसल्या. मान किंचित तिरपी करून, डोळ्याच्या कडेने बघत त्यांनी एकेक कागद पाहिला. पहिले तीन बाजूला ठेवले. चौथ्यावर नेहमीच्या दीडपट अक्षर होतं. त्यावर त्यांचं बोट चालायला लागलं, सावकाश, पण चालायला लागलं. "हे दिसते," त्या म्हणाल्या. त्या कागदाची घडी करून त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवली.

सगळं पुस्तक त्याच अक्षरात करायचं मी ठरवलं. नवरा म्हणाला, बालवाडीचं पुस्तक वाटेल, आणि जाड किती होईल. मी म्हटलं, होऊ दे जाड, तुम्हाला डोक्यावर घेऊन फिरायचं नाहीये. हजार प्रतींच्या जमान्यात हा लाड परवडला नसता. आता शंभरच छापायच्या होत्या, तर करा ना लाड.

समारंभाची तारीख ठरली, रविवार, सकाळी अकरा, नागपुरातल्या एका वाचनालयाचा हॉल. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राध्यापक मिळाले. बाईंचे जुने विद्यार्थी, जे आता स्वतःच आजोबा झालेले, दोन जीप भरून भिवापूरहून येणार होते. आणि शनिवारी संध्याकाळी वाडीहून फोन आला की माल तर आला आहे मॅडम, पण गाडी खाली व्हायची आहे, सोमवारी या. मी पुष्कळ आरडाओरडा केला. गाडीत वर कसलीतरी यंत्रं लादलेली होती आणि हमाल रविवारी येत नाहीत.

समारंभ पुढे ढकलावा, असं नवरा एकदा पुटपुटला, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. पण मला उपाय ठाऊक होता. आमच्या धंद्यात त्याला डमी म्हणतात. नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ घ्यायचं, त्याच मापाच्या एखाद्या जुन्या पुस्तकावर चढवायचं, वर चकचकीत कागद, वर रिबीन. स्टेजवर कोणी उघडत नाहीच. फोटो झाले की डमी गोळा करून पिशवीत टाकायच्या आणि लोकांना सांगायचं की नावं नोंदवा, प्रती घरपोच येतील. सगळेच करतात. मीही आधी चार-पाचदा केलं होतं आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मुखपृष्ठाच्या पाच छापील प्रती पसंतीसाठी आधीच कुरिअरने आल्या होत्या. आत घालायला मापाचं पुस्तक शोधलं तर संत्र्याच्या झाडांवरच्या रोगांचं, एका कृषी अधिकाऱ्यांचं, आमचंच न खपलेलं पुस्तक बरोबर बसलं. मी पाचही डमी इतक्या सफाईने बांधल्या की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. बाईंना काहीच सांगितलं नाही. उगाच मनाला लावून घेतील, असा विचार केला. शहाणी ना मी.

रविवारी हॉल भरला. पाहुण्यांनी रिबीन सोडली, फोटो झाले, सगळ्यांच्या प्रती टेबलावर गेल्या. बाईंची प्रत मात्र त्यांच्या मांडीवरच राहिली. पाहुणे बोलायला उभे राहिले आणि मी माईकच्या बाजूला उभी होते, तिथून मला दिसलं की बाईंनी पर्समधून भिंग काढलं. पुस्तक उघडलं. मान तिरपी केली. पान उलटलं, आणखी एक उलटलं. मधूनच शेवटाकडचं पान काढलं. मग चष्म्याच्या डबीतला तो घडी केलेला कागद काढून बघितला, पुन्हा पुस्तकात बघितलं, आणि पुस्तक मिटून त्यावर तळहात ठेवला.

मी तेव्हाच जायला हवं होतं. पण माझं लक्ष पाहुण्यांच्या लांबलेल्या भाषणाकडे आणि बाहेर थंड होणाऱ्या आलुबोंड्यांकडे. मला वाटलं, बाईंच्या लक्षात आलं असेल की पुस्तक वेगळंच आहे, नंतर सांगू समजावून, हसतील. त्यांची बोलायची पाळी आली तेव्हा त्या उठल्या आणि दोनच वाक्यं बोलल्या. मी जे लिहिलं ते खरं आहे, बाकी मले काही सांगता येत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, केवढा हा विनय म्हणून. नंतर नवऱ्याने, माझ्याच सांगण्यावरून, या प्रतीची शिवण सुटली आहे, नवी देतो अशी काहीतरी थाप मारून त्यांच्या हातातली डमी काढून घेतली. त्यांनी ती मुकाट्याने दिली. गर्दी होती, जीप निघायच्या होत्या, आणि मी त्यांच्याशी धड बोललेच नाही.

सोमवारी सकाळी सुनेचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती. मॅडम, आई कालपासून नीट जेवल्या नाहीत. चष्मा आणि भिंग डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच बोलल्या की पुस्तकातलं अक्षर मुंगीएवढं दिसलं, आणि जे दोन-चार शब्द लागले ते माझे नव्हतेच, कुठल्या झाडाला चुना लावा म्हणून काही दिसलं. म्हणजे एक तर डोळे गेले, नाहीतर डोकं गेलं. आणि मॅडम, त्या म्हणाल्या, तिले सांगू नको. तिनं माह्यासाठी अक्षर एवढं मोठं केलं, तिले वाईट वाटन.

मी फोन ठेवला आणि तशीच खुर्चीत बसून राहिले. डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं ना, भलतंच काही दिसेल म्हणून. मुखपृष्ठावर त्यांचं नाव, त्यांचा फोटो. मोठं अक्षर केलं असं मी त्यांना दहा वेळा सांगितलेलं. मग खोटं काय असणार? पुस्तक खोटं असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. स्वतःच्या डोळ्यावर अविश्वास दाखवला त्यांनी, माझ्यावर नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. नवरा म्हणाला, मी म्हटलं होतं पुढे ढकलू. मी म्हटलं, मोठ्याने म्हणायचं होतं, आता आधी गाडी काढा.

वाडीला गोदामात कारकून म्हणाला, दुपारी या. मी तिथल्या एका पोत्यावर बसले आणि सांगितलं की गठ्ठा हातात आल्याशिवाय मी इथून उठत नाही, आणि माझ्या सासूबाईंकडून मी बसून राहायला चांगली शिकले आहे. हमालांना गंमत वाटली असावी. तासाभरात त्यांनी यंत्रांमागून आमचा गठ्ठा ओढून काढला. मी तिथेच सुतळी कापली, एक प्रत घेतली आणि उघडून पाहिली. मोठं, काळंभोर, मोकळं अक्षर. इतकी वर्षं पुस्तकं काढते आहे, पण गठ्ठा फोडल्याबरोबर आत डोकावून बघायची मला कधी गरज वाटली नव्हती, हेही तेव्हाच लक्षात आलं.

तिथून उमरेड रस्त्याने भिवापूरला पोचायला दुपार झाली. बाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या, बिनचष्म्याच्या, हात मांडीवर. मला आवाजावरून ओळखलं आणि लगेच सुनेला चहा सांगितला. मी चहा येण्याआधीच बोलून टाकलं. बाई, काल जे तुमच्या हातात दिलं ते तुमचं पुस्तक नव्हतं. वरचं तेवढं तुमचं, आत दुसरंच होतं, बारीक अक्षराचं, संत्र्याच्या रोगांचं. पुस्तकं वेळेवर आली नाहीत म्हणून मी ते फोटोपुरतं बांधलं.

बाई माझ्या आवाजाच्या दिशेने वळल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे अक्षर बारीकच होतं?"

मी म्हटलं, हो, बारीकच होतं.

"अन् चुना?"

मी म्हटलं, ते संत्र्याच्या खोडाला लावायला सांगितलं आहे. तुमच्या डोळ्यांनी बरोब्बर वाचलं, बाई. तुम्ही अगदी बरोबर वाचलंत.

हे म्हणताना मला रडू कोसळलं. बाईंना नाही आलं. त्या शिक्षिका होत्या, त्यांना राग आला, आणि तो चांगला सणसणीत होता.

"काहून केलं वं असं? मले वाटलं आपलं वाचणं संपलं. तुम्ही पुस्तकवाले, पुस्तक उघडूनबी न पाहणारे लोक, मंग काढता कायले पुस्तकं?"

मी मान खाली घालून उभी राहिले, नवरा माझ्यामागे. तिसरीतल्या पोरांना उभं करावं तसे आम्ही दोघं त्या अंगणात उभे होतो. चहा आला तरी आम्हाला बसा म्हटलं नाही. मग त्यांनी सुनेला कपाटातला चष्मा आणायला सांगितला, भिंग आणायला सांगितलं, आणि माझ्याकडे हात पुढे केला.

मी पुस्तक दिलं. या वेळी त्यांनी आधी मुखपृष्ठ बघितलंच नाही, सरळ पहिलं पान उघडलं. मान तिरपी झाली, बोट पहिल्या शब्दाखाली गेलं. आता खरंच दिसलं नाही तर? मग त्या वाचायला लागल्या, मोठ्याने, वर्गात वाचतात तशा, एकेक शब्द सुटा करत. माझ्या पहिल्या शाळेला दार नव्हतं, त्यामुळे ती बंद आहे असं मला कधी म्हणता आलं नाही. वाक्य संपलं. त्यांनी बोट उचललं, पुन्हा त्याच वाक्याच्या सुरुवातीला ठेवलं आणि पुन्हा वाचलं. मग आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, बसा आता, चहा घ्या.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले, असं म्हणायला मला काही संकोच नाही. बाई रोज सकाळी ऊन अंगणात आलं की दोन पानं वाचायच्या. डोळा बरा असला तर तीन. दर रविवारी सुनेच्या मोबाईलवरून फोन यायचा आणि कितव्या पानावर आहे ते मला सांगायच्या, आणि छपाईच्या चुका. हो, चुकाही काढल्या, अकरा काढल्या. एका डोळ्याच्या कडेने. नवऱ्याने त्या सगळ्या मुकाट्याने कॉम्प्युटरमध्ये दुरुस्त केल्या, दुसऱ्या खेपेच्या प्रतींमध्ये त्या नाहीत. आणि दुसरी खेप लागली, कारण हे अक्षर वाचता येतं म्हणून कुणी आईसाठी, कुणी सासऱ्यांसाठी पुस्तक मागवू लागलं. रामटेकच्या एका आजोबांनी फोन करून विचारलं की या आकाराचं तुमच्याकडे आणखी काय आहे? तेव्हा काही नव्हतं. आता चार पुस्तकं आहेत. डमी मी त्यानंतर बांधली नाही. पुस्तकं आली नाहीत तर समारंभ पुढे जातो, पाहुणे रुसले तर रुसतात.

मधे दोन आठवडे फोन आला नाही. मी घाबरले, पण विचारायचं धाडस झालं नाही. मग सुनेनेच फोन करून सांगितलं की डाग वाढलाय, आता दिवसाला अर्धं पान होतं, कधी चार ओळी. तरी सकाळी ऊन आलं की खुर्ची ओढतात.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर, रविवार नसताना, सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. बाई होत्या. म्हणाल्या, झालं वं पोरी वाचून, आज शेवटचं पान झालं. मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. स्वयंपाकघराकडे तोंड करून नवऱ्याला खूण केली. मग बाईंना विचारलं, कसं वाटलं? विचारल्यावर वाटलं, काय हा प्रश्न, त्यांनीच तर लिहिलंय. शेवटच्या पानावर त्यांच्या निवृत्तीचा दिवस आहे. हार घालून झालेत, भाषणं झालीत, सगळे घरी गेलेत, आणि त्या रिकाम्या वर्गात परत जाऊन फळा पुसतात.

पलीकडून पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

"सारं माहीत होतं मले," बाई म्हणाल्या. "तरी ती बाई एकटीच फळा पुसते ना, तिथं रडूच आलं. चांगली होती वं ती बाई."